माफीचा मेंढा

माफी तुरातबेकने मागायची होती आणि आतडी धुवायची वेळ सायरागुलवर आली होती.

सकाळपासून ती घरामागच्या पाटाकाठी उकिडवी बसली होती. डोंगरातून येणारं नोव्हेंबरचं पाणी. हातात आहे ते आपलं बोट की मेंढ्याचं आतडं, कळेना. पुरुषांनी मेंढा कापला, सोलला, वाटे पाडले, हात धुतले आणि फाटकाशी जाऊन सिगारेटी पेटवल्या. आतडी आणि कोठा साफ करणं बायकांचं काम, मग मेंढा लग्नाचा असो, मयताचा असो की माफीचा. सायरागुल आतडं उलटं करत होती, पिळत होती, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या त्या माणसाच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार करत होती. मेंढ्याची मात्र तिला दया येत होती. बिचाऱ्याने कधी कोणाच्या अंगाला हात लावला नव्हता आणि मान त्याची गेली. ज्याने लावला होता तो नवं चामडी जाकीट घालून तिच्याच सासऱ्याची सिगारेट पेटवून देत होता.

गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती, हीच तर कमाल. तलासच्या खोऱ्यात घेवडा निघाला की बायका शेडमध्ये तो निवडायला बसतात. लांबलचक टेबलं, समोर दाण्यांचा ढीग, फुटका नि डागी दाणा इकडे, खडा तिकडे. तुरातबेक तिथला मुकादम. बाईने निवडलेलं पोतं पास करायचं की पुन्हा निवडायला लावायचं, हे त्याच्या मर्जीवर, आणि पास झालेल्या पोत्याचेच पैसे. "दाणा बघू जरा," म्हणत तो मागून यायचा, खांद्यावरून वाकायचा, एक हात ढिगात घालायचा. दुसरा हात कुठे जायचा ते टेबलावरच्या प्रत्येकीला माहीत होतं. बायका अंग चोरायच्या, पाठीशी रिकामी पोती गुंडाळून ठेवायच्या. जुन्या बायका नवीन आलेल्या पोरीला पहिला धडा द्यायच्या तो घेवड्याचा नव्हे, "भिंतीकडची जागा पकड गं" हा. त्या भिंतीकडच्या जागेवरून रोज सकाळी भांडणं व्हायची. हात त्याचा, आणि झिंज्या ओढायच्या बायकांनी एकमेकींच्या!

ऑक्टोबरात एकदा सायरागुलने त्याचा तो दुसरा हात मनगटाला धरला, वर काढला आणि सगळ्या शेडला दाखवला. "हा कोणाचा आहे गं? कोणाचा हरवला असेल तर घेऊन जा!"

शेड हसली. तुरातबेकही हसला. त्या दिवसापासून तिचं एकही पोतं पास झालं नाही.

तेव्हा ती पोलिसाकडे गेली. तिला तुरुंग नको होता, भरपाई नको होती. तुरातबेक त्या शेडमधून जावा, एवढंच हवं होतं. पोलिसाने तक्रार लिहून घेतली, जांभई दिली आणि म्हणाला, "एजे, ताई, गावची भानगड गावातच मिटवा ना. आधी अक्साकालांकडे जा. त्यांनी समेट झाला म्हटलं की मी हे फाडून टाकतो. नाही झाला तर बघू." शेडचा मालकही तेच म्हणाला, "अक्साकाल सांगतील तसं करू." अक्साकाल म्हणजे गावच्या पांढऱ्या दाढ्या, पंच म्हणा. त्यांचे प्रमुख एसेनकुल अता. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही असा सज्जन माणूस. सज्जन माणसांनी सायरागुलला जेवढा ताप दिला तेवढा तुरातबेकनेसुद्धा दिला नसेल.

पंचांनी तिला विचारलं, "नवरा कुठे असतो?" रशियात. "किती वर्षं झाली?" तीन. "हं," म्हणाले. त्या एका 'हं'मध्ये काय काय भरलेलं होतं ते तिला न सांगता कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मग विचारलं, वयाने मोठ्या माणसाचा हात तू असा चारचौघांत वर केलास, हे शोभलं का? तुरातबेकने टोपी काढली, छातीवर हात ठेवला आणि सांगितलं, दाटीवाटीची जागा, लागला असेल हात, मी नाही म्हणत नाही. पंचांना त्याचा तो 'नाही म्हणत नाही' इतका आवडला की एकाने डोळे पुसले. "हात लागला म्हणून कोणी हात तोडतं का?" एसेनकुल अता म्हणाले. आणि ठरलं. तुरातबेकने मेंढा घेऊन सायरागुलच्या घरी जावं, माफी मागावी, सगळ्यांनी एका दस्तरखानावर, एकाच अंथरलेल्या चादरीभोवती, जेवावं, अक्साकालांनी दुवा द्यावी. दुवा देऊन सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, ओमिन म्हटलं, की त्या गोष्टीचं पुन्हा नाव काढायचं नाही. काढेल तो वाईट. म्हणजे तक्रार फाटणार, सोमवारी सायरागुल टेबलाशी आणि तुरातबेक तिच्या पाठीशी.

"मला नको त्याचा मेंढा," ती घरी येऊन म्हणाली होती.

"दारात आलेल्या पाहुण्याला हाकलू?" सासू झूराकान म्हणाली. "अगं, लोक तोंडात शेण घालतील."

"आपा, तो पाहुणा नाही."

"फाटकातून आत आला की पाहुणाच."

रात्री नवऱ्याचा फोन. कुबात येकातेरिनबुर्गला इमारतींना प्लास्टर करतो. "मी इथे थंडीत मरतोय आणि तू तिथे मारामाऱ्या कर," तो म्हणाला. "सगळं गाव मला विचारतंय."

"काय विचारतंय?"

"हेच, की काय झालं."

"मग मला विचार ना. तुला सोडून सगळ्यांना माहीत आहे." त्यावर त्याचा फोन कट झाला. नेटवर्क गेलं, असं तो नंतर म्हणाला.

तर असा हा मेंढा आला होता, आणि आता त्याचं आतडं सायरागुलच्या हातात होतं.

"एजे, ती बादली इकडे द्या," शेजारी बसलेली आइझिरेक म्हणाली. ही एसेनकुल अतांची धाकटी सून. घरात कार्य असलं की आजूबाजूच्या सुना मदतीला येतात, आणि दुवा देणारे तिचेच सासरे म्हटल्यावर तिला पाठवलं होतं. शेडमध्ये ती सायरागुलच्याच टेबलावर बसायची. सप्टेंबरात एकदा तुरातबेकने तिला रिकामी पोती मोजायला म्हणून मागच्या खोलीत नेलं होतं. बाहेर आली तेव्हा ओढणी हातात होती. सायरागुलने तिला वजनकाट्यामागे नेऊन पाणी पाजलं होतं. तिथेच आइझिरेकने तिला शपथ घातली होती: माझं नाव कुठे घ्यायचं नाही.

"तुझ्या सासऱ्यांनी आज दुवा दिली की संपलं," सायरागुल म्हणाली. "सोमवारी भिंतीकडची जागा तू घे हो. माझं काय, माझी पाठ आता सरकारी रस्ता झालीय."

"असं नका ना बोलू."

"मग कसं बोलू? गाऊन दाखवू?"

आइझिरेकने हातातलं आतडं पिळलं. पाण्याने तिची बोटं बिटासारखी लाल झाली होती. मग हळूच म्हणाली, "शपथ आठवतेय ना, एजे?"

"आठवतेय गं बाई! आठवतेय म्हणून तर ही आतडी धुतेय. नाहीतर हार करून तुझ्या सासऱ्यांच्या गळ्यात घातली असती."

आइझिरेकला हसू आलं आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सायरागुलला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, मग दोघींना अशा जागी आणून बसवणाऱ्या साऱ्या गावाचा आला. एक नाव. एसेनकुल अतांच्या कानात एक नाव सांगितलं असतं तर हा मेंढा आज जिवंत असता. पण शपथ ती शपथ. तिने बादली उचलली आणि घराकडे निघाली.

दुपारी मोठ्या खोलीत लोकरीच्या नमद्यांवर मंडळी बसली. वरच्या बाजूला एसेनकुल अता आणि आणखी दोन पांढऱ्या दाढ्या, त्यांच्या शेजारी सासरा मामिरबेक, मग तुरातबेक. खाली दाराशी समोवार, आणि समोवाराशी सायरागुल व आइझिरेक. मध्ये दस्तरखानावर पाव, तळलेल्या कणकेचे बोरसोक, जर्दाळूचा मुरंबा, लोणी. बघणाऱ्याला वाटावं, पोरीचं लग्न जमलंय.

तुरातबेक गुडघ्यांवर उठला, छातीवर हात ठेवला आणि मामिरबेककडे वळला. "अके, माझ्यामुळे तुमच्या घराला मनस्ताप झाला. मला माफ करा." आणि बरोबर आणलेला काळा मखमली अंगरखा, सोनेरी नक्षीचा, त्याने सासऱ्याच्या खांद्यांवर घातला. मामिरबेक साधा माणूस, आयुष्यभर मेंढ्यांमागे हिंडलेला. असा अंगरखा त्याने फक्त दुसऱ्यांच्या अंगावर पाहिलेला. त्याने मखमलीवरून एकदा हात फिरवला, आणि सायरागुलने ओळखलं की हा किल्ला पडला.

मग झूराकानला पांढरा रेशमी रुमाल. "आपा, तुम्ही मला आईसारख्या." सासू म्हणाली, "असू दे रे, असू दे, माणूस आहे, चुकतं."

मग फोन लावला कुबातला. पडद्यावर त्याचं चुन्याने माखलेलं तोंड आलं. "भावा, मन मोठं कर," तुरातबेक म्हणाला.

"अके, मोठे तुम्ही. मोठ्यांनी ठरवलं ते मला मान्य," कुबात म्हणाला, आणि मागून कोणीतरी रशियनमध्ये ओरडलं तसा कामाला गेला.

झालं. सासऱ्याची माफी झाली, सासूची झाली, दोन हजार किलोमीटरवरच्या नवऱ्याची झाली. आता घरात माफी मागायची राहिली होती ती फक्त मांजराची आणि सायरागुलची.

मांस आलं. हाडं मानाप्रमाणे वाटायची, आणि दाढ्यांचं ठरलं की तुरातबेक वाकून आला आहे, त्याला हलकं हाड देऊन कमीपणा आणू नये. मांडीचं भरदार हाड त्याच्या ताटात पडलं. ताट नेऊन ठेवणार कोण? घरची सून. सायरागुलने ते त्याच्यापुढे ठेवलं तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "राग सोड आता. सोमवारी तुझी पोती मी स्वतः बघतो."

ती समोवाराशी आली आणि त्याचा पेला भरला. या खोऱ्यात पाहुण्याला पेला अर्धाच देतात, म्हणजे तो पुन्हा पुढे करतो, तुम्ही पुन्हा भरता, माया वाढते. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे पी आणि चालू लाग. सायरागुलने त्याला असा भरून दिला की बशी नसती तर नमदा भिजला असता. खोलीतल्या प्रत्येकाने पाहिलं.

"वा! सून सढळ हाताची आहे," तुरातबेक म्हणाला, आणि वाकून वरचा घोट सुर्रकन ओढून घेतला. दाढ्या हसल्या. झूराकानने पटकन पेला काढून घेतला, अर्धा बशीत ओतला, परत ठेवला. कातडीच गेंड्याची असल्यावर टोचणार कुठे?

जेवण उरकलं. एसेनकुल अतांनी सुरी पुसली, दाढी पुसली. "चला, आता दुवा देऊन टाकू."

"अता, मला बोलायचंय," सायरागुल म्हणाली.

झूराकानने डोळे वटारले. अता मात्र मायेने म्हणाले, "बोल, मुली."

"त्यांनी सगळ्यांची माफी मागितली. माझी कुठे मागितली?"

"घराची मागितली म्हणजे तुझी आलीच की. तू घराबाहेरची आहेस का?"

"हात घराला लावला होता का, अता?"

एका दाढीला ठसका लागला. मामिरबेक अंगरख्यात खाली खाली गेला. एसेनकुल अतांनी उसासा टाकला, वर्गातल्या ढ मुलाला पुन्हा एकदा नकाशा दाखवावा तसा. "मुली, वाडवडील सांगून गेलेत, वाकलेल्या मानेला तलवार कापत नाही. माणूस मान वाकवून आलाय."

"तो वाकतोच हो, अता! रोज वाकतो. माझ्या खांद्यावरून वाकतो, टेबलावरच्या सगळ्या बायकांच्या खांद्यांवरून वाकतो. वाकण्याचंच तर दुखणं आहे!" तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "मला मेंढा नको, अंगरखा नको. त्याला शेडमधून काढा, एवढं एक वाक्य बोला. इतका घास घशाखाली उतरला, एक वाक्य का बाहेर पडत नाही?"

"सायरागुल!" झूराकान ओरडली.

"सगळ्या बायका, सगळ्या बायका," तुरातबेक हताश चेहरा करून म्हणाला. "अक्साकाल, दुसरी एक तरी आली का तुमच्याकडे?"

"खरंय," अता म्हणाले. "दुसरी कोणी आली नाही."

सायरागुलच्या जिभेवर ते नाव आलं. अगदी दातांपर्यंत आलं. शेजारी आइझिरेक समोवाराच्या तोटीकडे बघत होती, तोटी बंद असूनही. सायरागुलने दात आवळले आणि नाव गिळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि वर जे मारत होते ते एकेक करून सगळे तिच्याशी प्रेमाने बोलत होते.

"मुली, पुरे आता," एसेनकुल अता म्हणाले आणि त्यांनी दोन्ही तळवे उघडून समोर धरले. मागोमाग दाढ्यांचे तळवे उघडले, मामिरबेकचे, झूराकानचे, तुरातबेकचे. "या घरात शांतता नांदो. झालं गेलं पाण्याबरोबर वाहून जावो. या दोन घरांमध्ये पुन्हा कधी..."

"अता."

आवाज इतका बारीक होता की आधी कोणाला कळलंच नाही कोण बोललं. सासऱ्यासमोर आइझिरेकचा आवाज त्यांच्या घरातसुद्धा कोणी ऐकलेला नव्हता. लग्न होऊन दोन वर्षं झाली. पेला पुढे करायची, मान लववायची, पाठ न दाखवता मागे मागे सरत बाहेर जायची. ती आता उठून उभी राहिली होती. हातात चहाचं फडकं होतं.

"अता, त्याला सांगून ठेवा, एक मेंढा आपल्याही घरी आणायचाय."

एसेनकुल अतांचे तळवे तसेच हवेत होते. ते सुनेकडे बघत होते, आणि वाक्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत अजून पोचायचा होता.

तुरातबेकला तेवढा धीर धरवला नाही. त्याला वाटलं, थट्टेवर न्यावं. "अक्साकाल, असं एकेकीला मेंढा देत बसलो," तो हसून म्हणाला, "तर माझा सगळा कळप संपायचा!"

तो एकटाच हसला. हसणं अर्ध्यावर आल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो, आणि मग त्याने उगाचच पाव उचलला आणि परत ठेवला.

एसेनकुल अतांनी हात खाली घेतले. तोंडावरून न फिरवता तसेच मांडीवर ठेवले. म्हातारा एवढ्यात दहा वर्षांनी आणखी म्हातारा झाला होता. "ऊठ," ते तुरातबेकला म्हणाले.

"अक्साकाल, पोरीचा काहीतरी गैर..."

"ऊठ म्हटलं ना! शेडमध्ये पाय ठेवायचा नाहीस. मालकाशी मी बोलतो. पोलिसाशीही मीच बोलतो."

तुरातबेक उठला. नमद्याच्या कडेला अडखळला, बूट चढवले न चढवले आणि गेला. फाटक आपटल्याचा आवाज आत आला.

सायरागुलला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. कसला उतरतोय! उलट असा संताप आला की समोवार उचलून भिरकावून द्यावा. पोलीस, पंचायत, मालक, सासू, नवरा, सगळ्यांपुढे महिनाभर घसा कोरडा केला, तेव्हा ही गोष्ट घरच्या मनस्तापाची होती, गर्दीत लागलेल्या हाताची होती. यांच्या उंबऱ्याच्या आत आली तेव्हा कुठे ती गुन्हा झाली. एवढा साधा हिशेब! हेच करायचं होतं तर ते त्यांना पहिल्याच दिवशी येत होतं. ती रागाने रडायला लागली आणि रडतेय याचा आणखी राग आला.

एसेनकुल अतांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते आइझिरेककडे बघत होते, आणि त्यांच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं.

"मला आधी का नाही सांगितलंस, बाळ? मी तुला बापासारखा ना? एक शब्द सांगायचास."

आइझिरेकने फडकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. मान मात्र खाली घातली नाही.

"सायरागुल एजेने सांगितलं होतं, अता," ती म्हणाली. "तुम्ही तिचं काय करता, ते मी बघत होते."